गोचीड अंगास लागली असतां ती कशी काढावी

आपल्या मासिकांत बैलांच्या रोगांवर, दुभत्या जनावरांच्या निगेवर व कोठ्याच्या स्वच्छतेवर वेळोवेळीं लेख येत असतात, आणि त्यांत गोचिडीचा उल्लेख हटकून असतो. परंतु तीच गोचीड माणसाच्या अंगास लागली म्हणजे काय करावें, याविषयीं कोणी लिहिलेलें माझ्या वाचनांत आलें नाहीं. विषय क्षुल्लक वाटत असेल. मलाही तो अनेक वर्षें तसाच वाटत होता. मी वैद्य नव्हे, कीं पशुवैद्यकाची परीक्षा दिलेला नव्हे. मराठी शाळेंत शिकलों, तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत आयुष्य गेलें, व आतां निवृत्तीनंतर रामटेकास राहून वडिलार्जित चार एकर धानाची शेती पाहतों. पुढें जें लिहीत आहें तें डॉक्टरांस व पशुवैद्यांस विचारून, थोडें वाचून, आणि दोन वेळां ठेंच खाऊन शिकलों तेवढेंच होय.

पहिली ठेंच अशी. वीसेक वर्षांपूर्वीं अतिवृष्टीनें धानाचें नुकसान झालें म्हणून पंचनाम्याचें काम निघालें, व तलाठी, कोतवाल आणि मी असे तिघे देवलापारपलीकडील जंगलालगतच्या गांवीं दोन दिवस धुऱ्याधुऱ्यानें फिरत होतों. गवत कमरेइतकें वाढलेलें. घरीं आल्यावर स्नान करतांना करदोट्याखालीं तीळ असावा तसा एक काळसर ठिपका हातास लागला. तो दुखत नव्हता, खाजतही नव्हता. दुसऱ्या दिवशीं तो तीळ मसुराएवढा झाला तेव्हां उलगडा झाला. कचेरींतील एका वयस्क सहकाऱ्यानें, आपण अनुभवी म्हणून, पेटती विडी तिच्या पाठीस टेंकविली. गोचीड वळवळली, मग त्यानें तिला दोन नखांत धरून पिळा देऊन उपटली. धड हातीं आलें, तोंड आंतच राहिलें, आणि पोटावर विडीचा डाग उमटला तो वेगळाच. त्यानें शेवटीं जखमेवर तंबाखूची चिमूट चोळून दिली. ती जागा पिकली, तीन आठवडे पू वाहिला, व अखेर चीर देऊन साफ करावी लागली. त्या वर्षीं त्या गांवाची पैसेवारी किती लागली हें आतां आठवत नाहीं, पण ती खूण अजून पोटावर आहे.

दुसरी ठेंच याहून जबर होती, व हा लेख लिहिण्याचें खरें कारण तीच. माझी थोरली बहीण नगरधनच्या बाजूस एका खेड्यांत असते. चार वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास तिचा अकरा वर्षांचा नातू तापानें पडला. ताप उतरेना, डोकें असह्य दुखे, पोर डोळे उघडीना. गांवांत औषध झालें, मग रामटेकास आणून रक्त तपासलें; हिवताप नव्हे असें निघालें. पांचव्या दिवशीं मी गेलों तेव्हां मुलगा मला ओळखीना. त्याला तसाच नागपुरास नेला. तेथें तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं त्याचे कपडे उतरवून सारें अंग बोट बोट करून पाहिलें, आणि काखेंत एक काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी, त्यांना सांपडली. त्यांनीं विचारलें, “मागच्या पंधरवड्यांत याला कांहीं चावलं होतं का, आजी?”

“नाही बाई, चावलं काहीच नाही,” अक्का म्हणाली. मग थोडें थांबून म्हणाली, “गोचिडी लागल्या होत्या तीन-चार, बारीक बारीक. चुना लावून मीच काढल्या. ढोरांत वावरणाऱ्या पोराला गोचीड तर लागतच राहते ना.”

या एका वाक्यावांचून पांच दिवस गेले होते. औषध बदललें, व दुसऱ्या रात्रीं ताप उतरूं लागला. तो ताप गोचिडीचा होता कीं झुडपांतील दुसऱ्या सूक्ष्म जीवाचा, हें शेवटपर्यंत निश्चित ठरलें नाहीं. दोहोंवर औषध एकच असतें असें बाईंनीं सांगितलें. मुलगा आतां शाळेंत जातो. परंतु अक्कानें चुना लावून गोचिडी काढल्या ही गोष्ट तिनें लपविली नव्हती; ती सांगण्याजोगी आहे हेंच तिच्या मनांत आलें नव्हतें. माझ्या पोटावरच्या गोचिडीची हकीकत मीं तरी कोणत्या डॉक्टरास सांगितली होती?

आतां मूळ विषयाकडे वळूं. गोचीड हा साधा किडा नव्हे. कोळी व विंचू यांच्या कुळांतली ती आहे, व पूर्ण वाढ झाली म्हणजे तिला आठ पाय असतात. अंड्यांतून निघालेलें पिलूं मात्र सहा पायांचें व मोहरीहूनही बारीक असतें. हीं पिलें गवताच्या शेंड्यावर चढून पुढचे पाय पसरून बसतात, व जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगाचा स्पर्श होतांच त्यास धरतात. गोचिडीस पंख नाहींत, ती उडीही मारीत नाहीं. झाडावरून टपकते हा आपल्याकडील समज चुकीचा आहे. ती बहुधा पायाकडून वर चढते, व जेथें चामडी मऊ आणि कपडा घट्ट तेथें बसते: जांघ, काख, गुडघ्याची लवण, बेंबी, करदोट्याची वा परकराच्या नाडीची जागा, कानामागें, आणि लहान मुलांच्या बाबतींत डोक्यांतील केंसांत.

तिच्या तोंडाची रचना ध्यानांत घेतली म्हणजे काढण्याची रीत आपोआप कळते. तोंडाचा पुढील भाग म्हणजे एक आंखूड सोंड असून तिला मागें वळलेले दांते असतात. मासे धरण्याच्या गळाला कांटा असतो, तसाच हा प्रकार. शिवाय बऱ्याच जातींच्या गोचिडी लुकणासारखा चिकट रस सोडतात, तो सोंडेभोंवतीं वाळून तिला चामडींत घट्ट बसवितो. लाळेंत जागा बधिर करणारें व रक्त गोठूं न देणारें द्रव्य असतें, म्हणून चावल्याचें कळत नाहीं. ती दिवसच्या दिवस एकाच जागीं बसून रक्त ओढते, व ओढतां ओढतां मधून मधून आपली लाळ आंत सोडीत असते. रोगाचें बीज तिच्यांत असल्यास तें या लाळेबरोबर आपल्या रक्तांत उतरतें. कांहीं रोगांस उतरण्यास कित्येक तास लागतात, कांहींस थोडा वेळही पुरतो. सबब दिसली कीं त्याच वेळीं काढावी. “उद्यां दवाखान्यांत जाऊं” म्हणून रात्रभर ठेवूं नये.

आपल्याकडे गोचीड काढण्याचे जे उपाय चालतात ते मीं एकदां मोजून पाहिले: पेटती विडी किंवा उदबत्ती लावणें, घासलेट किंवा पेट्रोल ओतणें, चुना फांसणें, तंबाखूचें पाणी, मिठाचें पाणी, करंजाचें किंवा गोडें तेल, आणि अलीकडे मुलींच्या नखांचा रंग. या सर्वांमागें कल्पना एकच कीं, गोचीड त्रासली किंवा गुदमरली म्हणजे आपण होऊन सोडील. ती कल्पना चुकीची आहे. गोचिडीच्या श्वासाचीं छिद्रें तिच्या धडाच्या बाजूंस असतात व ती तासाकाठीं थोड्याच वेळां श्वास घेते. तेलाखालीं ती पुष्कळ वेळ जिवंत राहूं शकते. आणि तेवढ्या वेळांत ती काय करते? चटका बसल्यावर किंवा तिखट द्रव्य लागल्यावर ती अधिक लाळ टाकते, प्रसंगीं पोटांतील द्रवही उलट सोडते, व तें सर्व आपल्याच जखमेंत जातें. म्हणजे जो उपाय आपण सोडविण्यासाठीं करतों तोच रोग आंत ढकलणारा होतो. शिवाय विडीनें चामडी भाजते, चुन्यानें उलते, व घासलेटानें लहान मुलाच्या अंगावर फोड येतात तें निराळेंच.

कपाशीवर मारावयाचें औषध पाण्यांत मिसळून अंगास चोळणारेही इसम मीं पाहिले आहेत. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पिकावरील विष माणसाच्या अंगास किंवा बैलाच्या पाठीस लावणें म्हणजे गोचिडीच्या निमित्तानें घरांत प्रेत काढण्याची तयारी होय. याहून सौम्य शब्द मला सुचत नाहीं.

आतां योग्य रीत. बारीक टोंकाचा चिमटा हवा. भुंवयांचे केंस काढण्याचा रुंद टोंकाचा चिमटा चालत नाहीं, कारण त्याचे जबडे गोचिडीच्या पोटावरच बसतात. सोनार किंवा घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसा अणकुचीदार चिमटा उत्तम. उजेडांत बसावें, दुसऱ्या माणसाकडून काढवून घ्यावी. गोचिडीभोंवतालची चामडी बोटांनीं किंचित ताणून धरावी. चिमट्याचीं टोंकें चामडीस अगदीं टेंकवून, जेथें सोंड आंत शिरली आहे तेथें तिला पकडावी. पोट मुळींच धरूं नये, कारण तें दाबलें म्हणजे पिचकारीसारखा आंतील द्रव जखमेंत जातो. नंतर न हिसकतां, न पिळतां, सरळ वर, एकसारख्या जोरानें ओढीत राहावें. पहिल्यानें गोचिडीबरोबर चामडीही तंबूसारखी वर उचलली जाते. येथेंच माणसें घाबरून सोडतात किंवा झटका देतात. तसें न करतां तोच ताण धरून राहावें; थोड्या वेळांत दांते सुटतात व गोचीड सबंध बाहेर येते. कधीं कधीं सोंडेबरोबर चामडीचा बारीकसा कण येतो. त्याची चिंता नको.

पिळा देण्याची आपल्याकडे फार हौस. स्क्रू फिरवून काढावा तशी गोचीड फिरवून निघते असें कित्येक शहाणेसुरतेही सांगतात. सोंडेला आटे नसतात, दांते असतात. सबब साध्या चिमट्यानें पिळणें म्हणजे मुंडकें आंत ठेवण्याचा राजमार्ग आहे.

रानांत चिमटा जवळ नसेल तर? तरीही थांबूं नये. बोटांवर कपडा, कागद किंवा पिशवीचा तुकडा घेऊन, चामडीलगत नखांच्या टोंकांनीं धरून, वर सांगितल्याप्रमाणेंच सरळ ओढावी. शिवणाचा दोरा असेल तर त्याचा फांस सोंडेभोंवतीं चामडीस टेंकवून आंवळावा व दोन्ही टोंकें धरून हळूहळू वर ओढावें. उघड्या बोटांनीं मात्र धरूं नये. पिलें बारीक बारीक पुष्कळ लागलीं असतील, जसें गवतांत बसणाऱ्यास होतें, तर एकेक धरीत बसण्यापेक्षां रुंद चिकटपट्टी लावून उचलावीं, व मग साबण आणि खरखरीत फडक्यानें अंग घांसून धुवावें.

काळजी घेऊनही तोंडाचा तुकडा आंत राहिलाच, तर तो चिमट्यानें सहज निघाल्यास काढावा. न निघाल्यास सुई, दाभण किंवा पात्याचें टोंक घेऊन कोरीत बसूं नये. तुटलेलें तोंड म्हणजे जिवंत गोचीड नव्हे. तें पायांत मोडलेल्या कांट्याप्रमाणें असून चामडी त्यास बहुधा आपणच बाहेर टाकते. माझी जागा पिकली ती तुकड्यापेक्षां चटका, नखें व तंबाखू यांच्यामुळें, असें मला मागाहून सांगण्यांत आलें. काढल्यावर जागा साबण व पाण्यानें चांगली धुवावी, मग आयोडीन किंवा स्पिरिट लावावें, व हात पुनः साबणानें धुवावेत. दोन-चार दिवस बारीक लाल गांठ राहून खाज सुटते, त्यांत विशेष नाहीं. लाली पसरूं लागली किंवा पू झाला तर मात्र दवाखाना गांठावा.

काढलेल्या गोचिडीचें काय करावें? येथें आपल्या हातून सर्वांत मोठी चूक होते. पोळ्याच्या आधीं बैल तळ्यावर नेऊन धुतांना पोरें कानांतल्या व कासेजवळच्या टपोऱ्या गोचिडी ओढून काढतात, आणि दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानें फोडतात. रक्ताची चिळकांडी उडाली कीं हंशा पिकतो. मीही लहानपणीं अंबाळ्याच्या कांठीं हा खेळ खेळलों आहें. पण आतां सावध व्हावयास पाहिजे. २०११ सालीं गुजराथेंत अहमदाबादजवळ क्रिमियन-काँगो नांवाचा रक्तस्रावी ताप आपल्या देशांत प्रथमच निश्चित ओळखला गेला. त्यांत मूळ रुग्णाची शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिका हेही दगावले. २०२० सालीं आपल्याच राज्यांतील पालघर जिल्ह्यांत प्रशासनानें पशुपालकांना या रोगाबद्दल सावध केलें होतें. हा रोग गुरांच्या अंगावरील एका जातीच्या गोचिडीपासून येतो. जनावर त्या रोगानें आजारी दिसत नाहीं, पण त्याचें रक्त, व त्या रक्तानें फुगलेली गोचीड, बोटांवरील चिरेंतून किंवा डोळ्यांत उडालेल्या थेंबावाटे माणसास बाधूं शकते. सबब गोचीड नखानें, दगडानें किंवा अनवाणी पायानें चिरडूं नये. स्पिरिट, घासलेट किंवा दाट साबणाचें पाणी असलेल्या बाटलींत टाकावी. घासलेट येथें उपयोगी आहे, चामडीवर नाहीं. बैलांच्या गोचिडी काढणाऱ्यानें हातमोजे घालावे. ते नसतील तर हातांस निदान पिशव्या बांधाव्या.

आतां नोंदीविषयीं. माझें आयुष्य नोंदी करण्यांत गेलें असल्यामुळें हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंही असेल. पण फेरफाराची नोंद राहिली तर शेताचा तंटा होतो, व गोचिडीची नोंद राहिली तर काय होतें तें मीं अक्काच्या घरीं पाहिलें. गोचीड काढली त्या दिवसाची तारीख, कोणाच्या अंगास, कोठें लागली, व तो इसम कोणत्या रानांत किंवा कोठ्यांत होता, एवढें भिंतीवरील कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटींत लिहावें. लिहितां न येणाऱ्यानें शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावें. शक्य तर मेलेली गोचीड चिकटपट्टीखालीं त्याच कागदावर चिकटवून ठेवावी. डॉक्टरास तिची जात कळण्यास मदत होते. त्यानंतर महिनाभर लक्ष ठेवावें. ताप, तीव्र डोकेंदुखी, अंगावर लाल पुरळ, किंवा चावल्या जागीं काळी खपली यांपैकीं कांहींही दिसलें तर त्याच दिवशीं डॉक्टराकडे जावें, व त्यानें विचारण्याची वाट न पाहतां पहिलेंच वाक्य हें बोलावें कीं, अमुक तारखेस मला गोचीड लागली होती. दवाखान्यांत गर्दी असते. डॉक्टराच्या मनांत डेंगू आणि हिवताप आधीं येतात, व त्यांत त्याचा दोष नाहीं.

हें बोलणें किती मोलाचें आहे याची साक्ष आपल्याच जिल्ह्यांत आहे. २०१८ च्या पावसाळ्यांत नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफस या तापाची सांथ उठली व माणसें दगावलीं. तो ताप गोचिडीपासून नव्हे, तर चिगर नांवाच्या, तिच्याच दूरच्या भाऊबंदांतल्या, डोळ्यांस न दिसण्याइतक्या सूक्ष्म पिलांपासून होतो. उंदीर-घुशी व ओलसर झुडपें हें त्यांचें वसतिस्थान. चावल्यापासून साधारण दहा दिवसांनीं ताप येतो. गोचिडीपासून होणारा टायफस निराळा, पण लक्षणें पुष्कळशीं तशींच, व काळी खपली दोहोंतही येऊं शकते. वेळींच ओळखल्यास या दोहोंवर डॉक्सिसायक्लिन नांवाचें स्वस्त औषध गुणकारी आहे. उशीर झाल्यास हाच ताप फुप्फुसें, मूत्रपिंड व मेंदू यांवर जातो. मात्र गोचीड लागली म्हणून आपल्याच मनानें दुकानांतून गोळ्या आणून खाऊं नयेत.

माकडतापाचें नांव बऱ्याच जणांनीं ऐकलें असेल, आणि आपल्या गडावर वानरांचे कळप असल्यामुळें मला त्याविषयीं नेहमीं प्रश्न येतो. हा रोग १९५७ सालीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत, शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या अरण्यांत सांपडला, व त्याचा विषाणू पुण्याच्या संशोधन केंद्रांत ओळखण्यांत आला. २०१५ सालीं तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत व २०१६ सालीं आपल्या सिंधुदुर्गांतील दोडामार्गांत उद्भवला. काजूच्या बागांत राबणारीं माणसें त्यांत सांपडलीं. माकड मरून पडलें कीं त्याच्या अंगावरील गोचिडी जमिनीवर पसरतात व तेथून माणसास धरतात, अशी त्याची परंपरा आहे. हा सह्याद्रीच्या पट्ट्यांतील रोग होय. गडावरच्या वानरांना पाहून भिण्याचें कारण नाहीं. तथापि कोणत्याही रानांत मेलेलें माकड आढळलें तर त्यास हात न लावतां वनखात्यास कळवावें.

गोचीड रोग वाहते हें ज्ञान तसें नवें नाहीं. अमेरिकेंत गुरांचा एक ताप गोचिडीमुळें पसरतो हें थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं डासाच्या पोटांत हिवतापाचें बीज पाहिलें त्याच्याही चार वर्षें आधीं. डासाची कीर्ति झाली, गोचिडीची झाली नाहीं.

आतां एक गोष्ट सांगतों, ती कांहींना आवडणार नाहीं. सायंकाळीं बैल घरीं आला म्हणजे मालक त्याच्या कानांत, पोळीखालीं, शेपटीच्या बुडाशीं हात फिरवून पाहतो. परंतु दिवसभर गवत कापून आलेली मजूरबाई, मोहफुलें वेंचून किंवा तेंदूपानें तोडून आलेलें कुटुंब, ढोरांमागें हिंडलेला पोर, यांचें अंग कोण पाहतें? बायका तर जांघेंत किंवा छातीखालीं लागलेली गोचीड लाजेनें कोणास सांगत नाहींत, व अंधारांत नखानें ओरबाडतात. घरांतील सासू-सुनांनीं, मायलेकींनीं एकमेकींचें अंग रानांतून आल्यावर पाहावें, यांत लाज कसली? मुलांचें अंग आईनें रोज पाहावें, केंसांतून बोटें फिरवून. रानांत जातांना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा व पायजम्याचीं टोंकें मोज्यांत खोंचावीं. पांढऱ्या कपड्यावर गोचीड चटकन् दिसते. परत आल्यावर ते कपडे खुंटीस न लावतां कडक पाण्यांत टाकावे, व लगेच स्नान करावें. डीट असलेलें मलम मिळतें, तें उघड्या पायांस लावल्यासही उपयोग होतो.

कोठ्याविषयीं येथें थोडेंच लिहितों, कारण त्यावर जाणत्यांनीं लिहावें. टंच भरलेली मादी जनावरावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेंत, गव्हाणीखालीं किंवा शेणाच्या कडेस जाऊन दोन-तीन हजार अंडीं घालते व मरते. म्हणजे आज पायाखालून निसटलेली एक गोचीड पुढें हजारांनीं परत येते. भेगा लिंपून चुना द्यावा. संकरित गायींस तर थायलेरिया व लालमूत या गोचिडीच्याच रोगांनीं मृत्यु येतो, सबब पशुवैद्याच्या सल्ल्यानें, त्यानें सांगितलेल्या मापांतच औषध लावावें, आणि औषधानंतर दूध किती दिवस वापरावयाचें नाहीं हेंही त्यास विचारून घ्यावें. घरांतील कुत्र्याकडेही दुर्लक्ष नको. मुलें त्यालाच कवटाळून निजतात.

आमच्या घरीं कोठ्याच्या दारामागें एक खिळा आहे. त्यावर टोंकदार चिमटा, चिकटपट्टीची गुंडाळी व झाकणाची एक बाटली, अशीं पिशवींत घालून टांगलेलीं असतात. चिमटा सोनाराकडून आणलेला आहे. प्रत्येक वेळीं वापरल्यावर तो उकळत्या पाण्यांत धरून, पुसून ठेवावा, नाहींतर गंज चढून टोंकें जुळत नाहींत, व टोंकें न जुळणारा चिमटा असून नसून सारखाच. अक्कानेंही असाच एक नेला. मागील महिन्यांत तिचा फोन आला होता: नातवाच्या मानेवर एक निघाली, सबंध निघाली, आणि कालनिर्णयावर त्यानेंच तारीख लिहिली, पण तोंड आंत राहिलें नाहीं हें ओळखावें कसें, असें ती विचारीत होती. काढलेली गोचीड पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगानें पाहावी. पायांच्या पुढें सोंडेचें टोंक निमुळतें दिसलें तर सबंध आली. तेथें बोथट तुटल्यासारखें दिसलें तर तुकडा राहिला असें समजावें, व त्या जागेवर आठवडाभर नजर ठेवावी.